आक्काच्या कार्डावरच्या फुल्या

परत आल्यापासून रोह्यात मला कुणी "तब्येत कशी आहे सर?" असं विचारत नाही. बाजारात, बँकेत, स्टेशनवर गाडीची वाट बघताना एकच चौकशी: "कसं असतं हो तिकडं? आमचंही जायचं चाललंय." ज्याच्या त्याच्या घरातलं एक पोर बाहेर आहे आणि ज्याच्या त्याच्या कपाटात नवाकोरा पासपोर्ट आहे. लोणचं नेऊ देतात का, गुडघ्याच्या गोळ्या चालतात का, विमानात मांडी घालून बसता येतं का, असे प्रश्न. उभ्या उभ्या उत्तरं देऊन घसा बसला, तेव्हा म्हटलं, एकदाच काय ते लिहून काढावं.

लिहिणारा कोण ते आधी सांगतो. मी दिनकर. पेणच्या एका हायस्कुलात बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, राहतो रोह्याला. ऑस्ट्रेलियाचा नकाशा मी फळ्यावर एका दमात काढतो, खडू न उचलता. त्या जोरावर मी माझ्या थोरल्या बहिणीला घेऊन मेलबर्नला गेलो आणि तिथे उतरल्यावर पहिल्या दोन तासांतच असा हादरलो की अजून सावरलेलो नाही. तेव्हा खालचे सल्ले जरूर घ्या, पण सल्ला देणाऱ्या माणसाचा फार भरवसा धरू नका. का, ते पुढे येईल.

निघण्याआधी

आक्का बहात्तर वर्षांची. कासू स्टेशनपासून आतल्या अंगाला एका गावात तिचं शेत आहे. पावसाळ्यात भात, आणि भात कापलं की त्याच जमिनीच्या ओलीवर वाल. नवरा लवकर गेला, शेत तिनंच ओढलं. एकुलती एक मुलगी वैशाली आठवीपासून माझ्याकडे रोह्याला शिकायला होती. इंजिनीअर झाली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर मेलबर्नला गेली.

चार वर्षांपूर्वी वैशालीचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. आक्कानं तेव्हा व्हिसासाठी अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. मुलगी तिकडे बिछान्यात आणि आई इकडे खळ्यात, अशा दोघी फोन कानाला लावून नुसत्या गप्प बसायच्या. मी ते पाहिलं आहे. या खेपेला मुलगी झाली, सुखरूप झाली, आणि आक्काला तीन महिन्यांचा व्हिसाही मिळाला. व्हिसाचा कागद बघून आक्का म्हणाली, "दिनू, ह्या टायमाला मला कुनी आडवलं ना, तर मी तिथंच बसून राहीन. मागं फिरनार नाय."

मी म्हणालो, "तुला कोण अडवतंय? मी आहे ना बरोबर."

तयारीचं सांगतो. औषधं मूळ वेष्टनातच न्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. गरम कपडे जानेवारीत नेऊ नका, तिकडे तेव्हा उन्हाळा असतो. मी भूगोलाचा मास्तर, मला हे माहीत होतं, तरी बायकोच्या आग्रहाखातर दोन स्वेटर आणि एक शाल घेतली आणि माझी बॅग भरून गेली. म्हणून खायचा सगळा माल आक्काच्या बॅगेत गेला: पोह्याचे पापड, डिंकाचे लाडू, घरचा मसाला आणि चार किलो कडवे वाल. हे लक्षात ठेवा. बॅग तिची, माल दोघांनी मिळून भरलेला.

वैशालीनं फोनवर बजावलं होतं. "मामा, इथे खाण्याच्या वस्तूंचं फार कडक असतं. काही आणलंत तर कार्डावर लिहा. लिहिलं की काही होत नाही, फार तर काढून घेतात. आणि आईला नीट विचारा, तिच्याकडे काय काय आहे ते."

"अगं, तू मला सांगतेस?" मी म्हणालो. बाहेरून आणलेल्या सशांनी ऑस्ट्रेलियाची कुरणं कशी फस्त केली, हा धडा मी दरवर्षी शिकवायचो. पोरं हसायची, मग मी सशासारखे दात काढून दाखवायचो.

पण निघायच्या आदल्या आठवड्यात पेणच्या एसटी स्टँडसमोर चहा पिताना एक गृहस्थ भेटले. त्यांचा मुलगा दुबईला आहे, ते स्वतः तीनदा जाऊन आलेत. ते म्हणाले, "सर, कार्डबिर्ड काही वाचत बसायचं नाही. सगळीकडे नाही, नाही, नाही अशा फुल्या मारायच्या आणि ताठ मानेनं बाहेर पडायचं. हो म्हटलं की बॅगा उघडतात आणि दोन तास जातात." माणूस तीनदा विमानात बसलेला, मी एकदाही नाही. मला ते पटलं. ज्या मुलीला मी इंग्रजीची बाराखडी शिकवली, जी त्या देशात सात वर्षं राहते, तिचं ऐकलं नाही. चहाच्या टपरीवर भेटलेल्याचं ऐकलं.

विमानात

विमानप्रवासाबद्दल फार लिहीत नाही. पाय सुजतात, उठून फिरा. आक्कानं जेवणाच्या ताटातला पाव, लोणी, साखरेच्या पुड्या, सगळं एका पिशवीत भरून घेतलं, तेही मी बघून न बघितल्यासारखं केलं.

उतरायच्या दीड तास आधी हवाई सुंदरीनं कार्डं वाटली. प्रत्येकाला एक. त्यावर दहा-बारा प्रश्न होते. खाण्याच्या वस्तू आहेत का? बी-बियाणं, झाडपाला आहे का? माती लागलेली किंवा मातीची वस्तू आहे का? गेल्या महिनाभरात शेतावर गेला होतात का? प्रत्येकापुढे होय आणि नाही असे दोन चौकोन.

आक्का खिडकीला कपाळ टेकून झोपली होती. मी आधी माझं कार्ड भरलं, मग तिचं. शेवटच्या प्रश्नापाशी पेन क्षणभर थांबलं. जी बाई आदल्या दिवशीपर्यंत वालात वाकलेली होती, तिच्या कार्डावर "शेतावर गेला होतात का" याला काय लिहायचं? मी "नाही"च्या चौकोनात फुली मारली. मग तिला हलवून उठवलं आणि म्हटलं, "इथे सही कर."

"काय हाय ते?"

"काही नाही, आलो म्हणून लिहून द्यायचं असतं."

आक्का चौथी शिकलेली. तिनं जीभ दातात धरून, एकेक अक्षर लावत मराठीत सही केली आणि पेन मला परत दिलं.

टेबलापाशी

मेलबर्नचं विमानतळ पाहून मी पहिल्यांदा हबकलो तो शांततेनं. एवढी माणसं, पण कुणी कुणाला हाक मारत नाही. बॅगा फिरत्या पट्ट्यावरून आल्या, आम्ही त्या ढकलगाडीवर ठेवल्या. तेवढ्यात एक गणवेशातली बाई काळं कुत्रं घेऊन रांगेतून चालत आली. कुत्रं प्रत्येकाच्या बॅगेला नाक लावी आणि पुढे जाई. आक्काच्या बॅगेपाशी ते आलं, वास घेतला आणि शांतपणे खाली बसलं.

आक्काला वाटलं, बिचारं भुकेलं आहे. "आलास काय रं? ये, ये," म्हणत तिनं पिशवीतला विमानातला पाव काढून त्याच्यापुढे धरला. ती बाई दचकून म्हणाली, नको, नको, हात लावू नका. कुत्र्यानं पावाकडे बघितलंसुद्धा नाही. आमच्या गावात असं कुत्रं जन्माला यायचं आहे.

आम्हाला एका लांब स्टीलच्या टेबलापाशी नेलं. पलीकडे चाळिशीतला एक दाढीवाला अधिकारी होता. आवाज मऊ, चेहऱ्यावर राग नाही. त्यानं आक्काची बॅग उघडली. पापड काढले, हुंगले, बाजूला ठेवले. लाडू मोडून बघितला. मग वालाची पिशवी एका पांढऱ्या ट्रेमध्ये ओतली. वाल पसरले आणि त्यातून एक बारीक तपकिरी टोका, कडधान्यातला किडा, निघून टेबलावरून निवांत चालू लागला.

अधिकारी त्याच्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिलो. आक्का मात्र सहज म्हणाली, "टोका हाय तो. वालाला लागतोच. काय करत नाय."

अधिकाऱ्यानं झटकन एक डबी पालथी घालून त्याला कोंडला. मग आक्काचं कार्ड समोर धरलं, सगळ्या फुल्या "नाही"च्या चौकोनात, आणि मला विचारलं, "हे कार्ड कुणी भरलं?"

"मी. तिला इंग्रजी येत नाही."

"भरताना तुम्ही प्रश्न तिला तिच्या भाषेत वाचून दाखवलेत का?"

हा क्षण मी नंतर किती वेळा परत जगलो, त्याची गणती नाही. खरं बोलायला एक शब्द पुरला असता. पण बत्तीस वर्षं मी वर्गापुढे उभा राहून इतरांच्या चुका काढल्या होत्या, आणि त्या टेबलापाशी मला फक्त एवढंच कळत होतं की हा माणूस माझ्याकडे बघतोय. मी म्हणालो, "हो. एकेक प्रश्न वाचला. तिनं सगळ्यांना नाही म्हणून सांगितलं."

माझ्याच तोंडून ते वाक्य बाहेर पडलेलं ऐकून मी थिजलो. आक्का शेजारी उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिनं विचारलं, "काय म्हनतोय रं त्यो?"

"काही नाही, चौकशी करतोय," मी म्हणालो.

अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि फोन लावला. तो म्हणाला, तुम्ही घरचे आहात, म्हणून आम्ही बाहेरचा दुभाषी घेतो. ही त्यांची रीतच आहे. मला वाटलं हिंदीत कुणी येईल, थोडंफार सांभाळता येईल. पण टेबलावरच्या फोनमधून स्वच्छ मराठी आवाज आला. "नमस्कार आजी. मी दुभाषी बोलतेय. इथे जे बोललं जाईल ते सगळं मी दोन्हीकडे सांगणार आहे. घाबरू नका."

आक्काचा चेहरा उजळला. "बया, तू कुठली गो?" तिनं फोनला विचारलं.

बाई जरा हसली असावी, पण उत्तर दिलं नाही. तिनं विचारलं, "आजी, बॅगेत होतं त्याशिवाय तुमच्या अंगावर, कपड्यांत, काही आहे का? बी, पान, माती, काहीही?"

आक्कानं क्षणभरही विचार केला नाही. कंबरेची कापडी चंची सोडली आणि त्यातून वर्तमानपत्राची एक पुडी काढून टेबलावर ठेवली. उघडली तर माती. लाल, भुसभुशीत, मूठभर.

मी हे पहिल्यांदा बघत होतो. रोहा ते मेलबर्न ती माझ्या शेजारी बसून ही माती कंबरेला बांधून आली होती आणि मला ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं असणार? विचारलं कुणी होतं?

"ही तिठ्यावरची माती," आक्का फोनला समजावून सांगू लागली. "तीन वाटा मिळतात ना, तिथली. मीठ-मोहरी-मिरच्या तिथं मिळतील म्हनाली पोरगी, माती काय मिळायची नाय. नातीची दिष्ट काढायचीय. पयलं मूल गेलं तिचं. तवा मी येऊ शकले नाय."

दुभाषी बाई इंग्रजीत सांगू लागली, सावकाश, प्रत्येक शब्द नीट. अधिकारी ऐकत होता. त्यानं पुडी तशीच दुमडून एका पिवळ्या पिशवीत ठेवली आणि अगदी हलक्या आवाजात पुढचा प्रश्न विचारला. फोनमधून मराठी आलं.

"आजी, तुमचे भाऊ म्हणाले की त्यांनी तुम्हाला कार्डावरचा प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखवला आणि तुम्ही सगळ्यांना नाही असं उत्तर दिलंत. हे खरं आहे का? नीट आठवून सांगा. चुकीची माहिती दिली असेल तर तुमचा व्हिसा रद्द होऊ शकतो, आज परत जावं लागू शकतं."

आक्कानं माझ्याकडे वळून बघितलं. रागानं नाही, चकित होऊनही नाही. लहानपणी मी झाडावर चढून अडकायचो आणि खाली उतरता यायचं नाही, तेव्हा ती जशी बघायची तसं. मी बोलायला हवं होतं. दोन्ही भाषा येणारा तिथे मीच होतो आणि मला एकही शब्द फुटला नाही.

आक्का फोनकडे वाकली. "व्हय," ती म्हणाली. "त्यानं समदं वाचून दावलं. मीच नाय म्हटलं. चूक माझी हाय."

मग आम्हाला खुर्च्यांवर बसवून ठेवलं. अधिकारी आत कुणाला तरी विचारायला गेला. आक्का मांडीवर हात ठेवून दाराकडे बघत होती. त्या दाराच्या पलीकडे जावई गाडी घेऊन उभा होता आणि अर्ध्या तासावर तिची मुलगी आणि नात होती. मी म्हणालो, "आक्का, तू असं का..." ती म्हणाली, "गप ऱ्हा. आता काय बोलू नको. नायतर दोगांनाबी धाडतील."

अधिकारी परत आला. व्हिसा रद्द केला नाही. दंड आणि लेखी ताकीद, आक्काच्या नावावर, आणि पुढच्या वेळी व्हिसा मागाल तेव्हा ही नोंद त्यांच्यासमोर असेल, असं सांगितलं. मग त्यानं आक्काच्या पायांकडे बोट केलं. तिच्या चपलांच्या तळव्याला शेतातला चिखल वाळून चिकटला होता. त्यानं चपला काढून मागितल्या, बेसिनपाशी नेल्या, स्वतःच्या हातानं ब्रशनं घासून धुतल्या, कागदानं पुसल्या आणि आणून तिच्यापुढे ठेवल्या. आक्का अगदी कासावीस झाली. "आरं त्याला सांग, ऱ्हाऊ दे म्हनावं. परक्या मानसानं माझ्या चपला धुवायच्या व्हय?" आपल्या कचेरीत मी असा माणूस पाहिलेला नाही. चिडलाही नाही, ओरडलाही नाही, आणि सोडलंही नाही.

तेव्हा प्रवाशांनो, हे ऐका. तिकडच्या लोकांना खरं सांगितलेलं चालतं. पापड, लाडू, मसाला त्यांनी आम्हाला परत दिला. कार्डावर होय म्हटलं असतं तर वाल आणि माती तेवढी गेली असती आणि आम्ही पंधरा मिनिटांत बाहेर असतो. चपला-बुटांचे तळवे घरीच धुऊन न्या. आणि बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाचं कार्ड ते झोपलेलं असताना भरू नका.

मेलबर्न

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे आठ वाजले होते आणि ऊन लख्ख पडलेलं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी अंगणात ऊन बघून मी घड्याळ दोनदा तपासलं. वैशाली दारात बाळ घेऊन उभी होती. आक्कानं आधी हात धुतले, मग नातीला घेतलं आणि कितीतरी वेळ तिच्या केसांना नाक लावून बसली.

जेवताना वैशालीनं तो ताकिदीचा कागद वाचला आणि तिचा चेहरा बदलला. "आई, यात लिहिलंय की मामांनी तुला सगळं वाचून दाखवलं आणि तरी तू खोटं सांगितलंस? माती? अगं, माती? तुला परत पाठवलं असतं, कळतंय का तुला?"

"व्हय गो. चुकलं माझं," आक्का म्हणाली आणि भात कालवू लागली.

"लहानपणापासून असंच. कुणाचं ऐकायचं नाही. मामा, सॉरी हं, तुम्हाला किती त्रास झाला असेल."

मी म्हणालो, "असू दे." फक्त एवढंच.

त्यानंतरचे तीन महिने मी तो देश बघितला. त्यात थक्क करणारं पुष्कळ होतं. बसमधून उतरणारा प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. ड्रायव्हरही ओरडून उत्तर देतो. नर्सबाई घरी येऊन बाळाचं वजन करून जाते, न बोलावता. तीन आठवड्यांचं पोर वेगळ्या खोलीत एकटं झोपवतात आणि कॅमेऱ्यातून त्याच्याकडे बघतात. हे बघून आक्काला धक्काच बसला, रात्रभर ती त्या खोलीच्या दाराबाहेर चटईवर झोपली. एका भारतीय दुकानाच्या फ्रीजरमध्ये सोललेले वाल मिळाले, दगडासारखे गोठलेले, गुजरातेतून आलेले. आक्कानं पाकीट हातात फिरवलं आणि म्हणाली, "ह्यांना कुनी आडवलं नाय, मोठ्या पासपोर्टाचे हायेत." तिनं त्याचं बिरडं केलं. चव निम्मी होती.

शेजारी एक गोरी म्हातारी होती, आक्काच्याच वयाची. कुंपणावरून तिनं एकदा घेवड्यासारख्या शेंगा दिल्या. दुसऱ्या दिवशी दोघी तिच्या ओट्यावर बसून शेंगांचे दोरे काढत होत्या. ही मराठीत, ती इंग्रजीत. तासभर चाललं होतं आणि दोघींचं एकमेकींना कळतही होतं.

पण घरात वैशालीचं आईशी वागणं बदललं होतं. ती वाईट बोलत नव्हती, पण सारखं तपासत होती. आई, बाळाला तेल कुठलं लावतेस? आई, नर्सला विचारल्याशिवाय काही देऊ नकोस. दृष्ट काढायचा विषय आक्कानं एकदाच काढला. वैशाली म्हणाली, "पुरे ना आता, त्या मातीनं झालं तेवढं बास." आक्कानं परत काढला नाही. आपल्या नातीजवळ बसायचं तर ती मुलीच्या तोंडाकडे आधी बघू लागली. चार वर्षं जिच्यासाठी तळमळली त्या लेकीच्या घरात ती हात आखडून वावरत होती, आणि ते माझ्या एका वाक्यामुळे. रोज सकाळी मी ठरवायचो, आज चहाच्या वेळी सांगून टाकू. रोज चहा व्हायचा.

निघताना वैशालीनं मला वाकून नमस्कार केला आणि डोळे पुसत म्हणाली, "मामा, पुढच्या वेळी आईला आणाल ते तुम्हीच. तिला दुसऱ्या कुणाबरोबर पाठवायची मला भीती वाटते." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझा हात मला माझा वाटेना.

परत

हे सगळं लिहून झाल्यावर काल रविवारी मी कासूला उतरलो आणि आक्काकडे गेलो. आम्ही तिकडे असताना शेजाऱ्यांनी काढून ठेवलेले वाल झोडून झाले होते, ती खळ्यात सुपानं पाखडत बसली होती. मी शेजारी बसून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. कुत्र्यापाशी हसली, चपलांपाशी पुन्हा हळहळली. टेबलापाशी आलो तेव्हा तिचं सूप थांबलं.

"त्ये फोनवालं काढ," ती म्हणाली.

"का?"

"वैशाली वाचंल. मामा खोटं बोलला म्हनून तिला लागंल. तू तिला शिकवलंस, तिचा देव हायेस तू." मग सूप परत हलवू लागली. "आई आडानी हाय, त्ये तिला ठावंच हाय. त्यात नवीन काय नाय."

मी तिच्यासमोर कागद घडी करून खिशात घातले. तिला वाटलं असावं, मी ऐकलं.

ते मी काढलेलं नाही. बाकीच्यांसाठी लिहायचे ते सल्ले वर लिहून झाले आहेत. हा शेवटचा, वैशाली, तुझ्यासाठी. पुढच्या वर्षी तू आईच्या व्हिसाचा अर्ज भरशील. पूर्वी कधी ताकीद मिळाली होती का, असं त्यात विचारतील. तिथे होय लिही. आणि खाली कारणाला जागा असेल तिथे लिही की कार्ड तिच्या भावानं भरलं, त्यानं तिला एकही प्रश्न विचारला नाही, आणि दुभाष्यासमोर ती जे बोलली ते त्याच्यासाठी बोलली.